पाण्यात खरं, पोटावर खोटं

"मगदूम, तुमचं मशीन खोटं बोलतंय," डॉक्टर शिंत्रेबाईंनी मला दारातच सांगितलं. बसा नाही, पाणी घ्या नाही. मी कोल्हापूरहून एस.टी.नं धक्के खात गडहिंग्लजला आलेलो, खांद्याला हत्यारांची पिशवी, शर्ट पाठीला चिकटलेला, आणि वर हे स्वागत.

मला राग आला. मला कुणी काहीही म्हणावं, मी हसून सोडून देतो. माझ्या मशीनला म्हटलेलं मात्र आजही सहन होत नाही. तेव्हा तर मी तिशीही गाठलेली नव्हती. उद्यमनगरातल्या भाड्याच्या गाळ्यात ते मशीन मी स्वतःच्या हातानं उभं केलं होतं, आणि विकलं गेलेलं ते पहिलंच.

"बाई, मशीन खोटं बोलत नसतं. लावणाऱ्याचं काहीतरी चुकतं," मी म्हणालो.

"असं? मग या आणि बघा कुणाचं चुकतंय ते."

आतल्या खोलीत ते बाळ होतं. दिवस भरायच्या आधीच आलेलं, दोन्ही ओंजळी एकत्र केल्या तर त्यात मावेल एवढं. मी मशीन बनवलं खरं, पण त्याखाली असं बाळ कधी पाहिलं नव्हतं. बाळ उघड्या ट्रेमध्ये झोपलेलं, वर हीटरची लालभडक दांडी. पोटावर चिकटपट्टीनं बसवलेली माझी तांब्याची चकती, शर्टाच्या बटणाएवढी. चकतीवर झाळून जोडलेला ट्रान्झिस्टर, त्याची हरभऱ्याच्या डाळीएवढी पत्र्याची टोपी पट्टीच्या भोकातून वर आलेली. तिथून वायर ट्रेशेजारच्या माझ्या पेटीत. बाळ गार पडायला लागलं की पेटी हीटर वाढवणार, गरम झालं की कमी करणार. एवढंच तिचं काम, पण त्या कामावर बाळाचा जीव.

पेटीवर आकडा होता ३७.१.

"आता हे बघा," म्हणत सिस्टर फिलोमिनानं बाळाच्या काखेतला काचेचा थर्मामीटर काढून माझ्या डोळ्यांसमोर धरला. पारा साडेपस्तिसाच्या जरा वर. सिस्टर आजऱ्याची, अंगानं भक्कम आणि बोलायला मऊ. "बाळ गारठलंय, आणि तुमची पेटी म्हणते गरम आहे. म्हणून हीटर मंद करते. बाळ आणखी गारठतं. मग मी हीटर हातानं वाढवत बसते."

"किती दिवस चाललंय हे?"

"चार दिवस झाले. पण गंमत सांगू? सकाळी सगळं बरोबर असतं. बाळाची आई येऊन गेली की बिघडतं."

शिंत्रेबाईंनी मला बाहेर व्हरांड्यात आणलं आणि आवाज खाली आणला. "मी स्पष्टच बोलते. तुमचं मशीन बिघडलेलं असेल तर उद्या दुपारी बाळाला जीपनं बेळगावला हलवणार. एवढा जीव त्या रस्त्यावर टिकेल का, मला सांगता येत नाही. आणि मशीन चांगलं असेल, तर ती आईच काहीतरी करते. हात लावते, चकती सरकवते. मग तिला आत येणं बंद. काय ते तुम्ही ठरवून सांगा."

व्हरांड्याच्या बाकावर दोघी बसल्या होत्या. एक वयस्क, नऊवारीतली, पाय वर घेऊन. दुसरी कोवळी बाळंतीण, डोक्याला स्कार्फ, डोळ्यांत काजळ. तिच्या हातात छोटं स्टीलचं भांडं होतं. स्वतःचं दूध काढून ती सिस्टरकडं द्यायची आणि बाळाजवळ थोडा वेळ उभी राहायची. हात लावायला मनाई. त्या काळात पोटच्या पोरालासुद्धा आईचा हात म्हणजे जंतूंचं घर, असंच सगळे मानायचे.

मी मुकाट्यानं कामाला लागलो. आता थोडं माझ्या मशीनचं सांगतो. न सांगता मला पुढं जाताच येणार नाही.

ट्रान्झिस्टर म्हटलं की तेव्हा लोकांना रेडिओ आठवायचा. पण ट्रान्झिस्टरला थंडी-ऊन कळतं. त्यातून वीज सोडली की दोन टोकांमधला विजेचा दाब तापमानाप्रमाणं बदलतो, आणि तो मोजला की तापमान कळतं. अडचण एवढीच की प्रत्येक ट्रान्झिस्टरची खोड वेगळी. एकाच डब्यातून दहा काढले तर दहांची दहा उत्तरं. लोक मग चांगले नग वेचत बसायचे. मी काय केलं, एकाच ट्रान्झिस्टरला दोनदा विचारलं. आधी थोडी वीज सोडून, मग दहापट सोडून. त्याची खोड दोन्ही उत्तरांत सारखीच असते, वजाबाकी केली की निघून जाते. राहतं ते निव्वळ तापमान. वायर लांब असली की तिचा अडथळा उत्तरात भेसळ करतो, म्हणून तिसऱ्यांदा वेगळ्या विजेनं विचारून मी तीही भेसळ काढून टाकलेली. एवढ्याशा गोष्टीत माझी दोन वर्षं गेली होती. आता माझा राग कशाचा होता ते कळलं असेल.

सिस्टरनं दुसऱ्या हीटरची सोय केली तोवर मी चकती बाळाच्या पोटावरून अलगद सोडवली. टोपीवर बारीकसा काळा ठिपका होता. आमच्या गाळ्यात तपासून पास झालेल्या नगाला काळ्या रंगाचा ठिपका देतात. तो प्लगवर द्यायचा, कुणीतरी टोपीवर दिलेला दिसतोय, परत गेल्यावर बघतो एकेकाला, असं मनात म्हटलं आणि पुढं गेलो.

टेबलावर पेल्यात कोमट पाणी घेतलं. त्यात थर्मामीटर आणि चकती शेजारी शेजारी धरली. पाऱ्यावर ३६.८, पेटीवर ३६.८. गार पाणी घालून ढवळलं, दोन्ही बरोबरच खाली आले. ऊन पाणी घातलं, दोन्ही बरोबरच वर गेले.

"बघा," मी म्हणालो. खरं सांगतो, आवाज जरा चढलाच होता. "सख्ख्या भावांसारखे चाललेत दोघं."

सिस्टरनं चकती माझ्या हातातून घेतली, स्पिरिटच्या बोळ्यानं पुसली आणि परत बाळाच्या पोटावर चिकटवली. थोड्या वेळानं पेटीवर ३६.० आणि काखेतही तेवढंच. सगळं सुतासारखं सरळ.

"म्हणजे चकती सरकली होती," शिंत्रेबाई म्हणाल्या. "नीट लावली आणि बरोबर झालं. ठरलं तर मग. सिस्टर, त्या वैजयंताला सांगा, उद्यापासून दूध बाहेरच द्यायचं."

मी जिंकलो होतो. पिशवी आवरून पाचची एस.टी. पकडायची, एवढंच राहिलं होतं. पण बाहेर आलो तर ती पोरगी भिंतीला टेकून उभी. तिनं सगळं ऐकलं होतं.

"दादा, मी हात न्हाई लावला त्याला," ती म्हणाली. "पहिलं माझं असंच गेलं, घरातच. ह्याला मी कशाला हलवीन? नुसती बगत उभी ऱ्हाते."

सासू, गौराबाई, बाकावरूनच म्हणाल्या, "लावला असंल न कळत. आईचा जीव त्यो. जाऊंदे, लांबनं बगायचं. पोरगं जगलं म्हंजी झालं." मग माझ्याकडं वळून, "काय हो, पोटावर त्यो ट्रान्झिस्टर लावलाय म्हंत्यात. गाणी ऐकवायची हैत काय त्याला?"

ती म्हातारी मुद्दाम हसवत होती, सुनेला रडू फुटू नये म्हणून. सून काही हसली नाही. मला ते बघवेना. आणि मी थांबलो त्याचं खरं कारण त्याहून वेगळं होतं, तेही सांगतो. माझ्या डोक्यात एक किडा वळवळायला लागला होता. चकती सरकली, तर ती पोटावरून सुटणार. सुटली, तर बाहेरची हवा लागून आकडा कमी दाखवायला हवा, निदान कमी-जास्त तरी व्हायला हवा. ही रोज जास्तच दाखवते, आणि रोज तेवढीच. सरकण्याला एवढी शिस्त कुठली?

मी परत आत गेलो. "बाई, उद्या सकाळी तिला एकदा येऊ द्या. मी तिथंच बसतो. माझ्यासमोर काय होतं ते बघू."

"तुमचं मशीन तर पास झालं ना? आता तुम्हाला काय पडलंय?"

"पाण्यात खरं आणि पोटावर खोटं, हे मला पटत नाही."

शिंत्रेबाई दाराकडं वळल्या. "दुपारपर्यंत. त्यानंतर मी ऐकणार नाही."

एस.टी. स्टँडसमोरच्या लॉजवर राहिलो आणि सकाळी पुन्हा हजर झालो. आकडा आणि पारा बरोबर जुळत होते. मी पेन काढलं आणि चिकटपट्टीच्या कडेनं, बाळाला धक्का न लावता, वायरवर आणि पट्टीवर मिळून एक बारीक रेघ ओढली. आता पट्टीखाली चकती केसभर सरकली तरी रेघ तुटणार. मग मी स्टुलावर बसून चकतीकडं टक लावली.

आणि तेव्हा लक्षात आलं, टोपीवरचा ठिपका नाही.

"सिस्टर, इथला काळा ठिपका कुठं गेला?"

"काल मी पुसली ना. रोज पहाटेही पुसते तेव्हा थोडं काळं निघतं. वरच्या दांडीची काजळी पडत असेल म्हटलं."

"आमचा रंग स्पिरिटनं निघत नाही," मी म्हणालो. "आणि ही दांडी विजेची, ती काजळी कुठून आणेल?"

सिस्टर हसली. "ते तुम्ही सांगायचं, मशीनवाले तुम्ही."

कचऱ्याच्या बादलीत कालचा बोळा अजून होता. मी तो उचलला, काळा भाग बोटांवर चोळला. तेलकट लागला. वास घेतला, तर तुपाचा. माझी आई दिवाळीत तुपाचा दिवा लावून त्यावर पालथी वाटी ठेवायची आणि काजळ धरायची; अगदी तोच वास. मी बोळा हातात घेऊन तसाच बसलो. सिस्टरनं मला वेड लागलं असं ठरवून टाकलं असणार.

वैजयंता आली. स्वच्छ हात धुऊन, भांडं सिस्टरकडं देऊन, ट्रेजवळ उभी राहिली. मी स्टूल मागं सरकवून कोपऱ्यात गेलो. सिस्टर दूध घेऊन पलीकडच्या टेबलाकडं वळली.

पोरगी बराच वेळ नुसती उभी होती. दोन्ही हात पाठीमागं, शाळेत उभं केल्यासारखी. मग तिनं उजवा हात पुढं आणला, करंगळी स्वतःच्या डोळ्याच्या कडेला फिरवली, आणि बाळाला कुठंही न शिवता ती करंगळी टोपीवर टेकवली. इतकं अलगद की रेघ जागची हलली नाही. पुन्हा हात पाठीमागं.

तीट लावली होती तिनं. बाळाला दृष्ट लागू नये म्हणून.

मी पेटीकडं बघितलं. ३६.२. मग ३६.४. मग ३६.७. हीटरची दांडी लालवरून मंद व्हायला लागली. चार दिवस त्या पोरीनं पोराला नजरेपासून राखलं होतं, आणि त्याच ठिपक्यानं पोर गारठत होतं.

"ताई," मी शक्य तेवढं हळू म्हणालो, "ते काजळ तिथं का लावलं?"

ती दचकली. "डाक्टरीणबाईंनी सांगितलं, पोराच्या अंगाला काजळ लावायचं न्हाई म्हणून. मग त्याच्या अंगावर हाय तेवढंच, ह्ये. ह्येला लावलं तर चालतंय न्हवं?"

मी तिला हातानं थांबायची खूण केली. मी सिस्टरला बाईंना बोलवायला पाठवलं.

शिंत्रेबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली. "एवढ्याशा काजळानं दीड अंश? मगदूम, तुम्हाला तिची दया आली, ते मला कळतं."

"दया नाही बाई. उन्हात चकचकीत कळशी आणि काळा तवा शेजारी ठेवा आणि मग दोन्हीला हात लावून बघा. वरून दांडीची धग येते. चकचकीत टोपी ती परतवते, काळी टोपी ती पिते. टोपी तापली की ट्रान्झिस्टर तापला. तो आपलं स्वतःचं तापमान इमानदारीनं सांगतोय. आपण ते बाळाचं समजतोय. पेल्यातल्या पाण्यावर धग नव्हती, म्हणून ठिपका असूनही तिथं बरोबर आलं."

"मग पुसा तो ठिपका, आकडा खाली येतो का बघू."

"येईल. पण पुसताना चकती हलली म्हणून आला, असं तुम्ही म्हणाल. कालही तसंच म्हणालात."

बाई कडक होत्या, पण प्रश्न बरोबर असला की ऐकून घेणाऱ्या. "मग कसं ठरवायचं?"

"ठिपका तसाच ठेवायचा आणि हीटर बंद करायचा. काजळाचा दोष असेल तर हीटर गेल्याबरोबर पेटी आणि पारा जुळतील. चकतीचा असेल तर जुळणार नाहीत."

"हीटर बंद करून बाळाला ठेवू कुठं? आधीच पस्तीस झालंय त्याचं."

कालचा दुसरा हीटर आणावा, तर त्याचीही धग टोपीवर पडणार. मी विजेचा माणूस. मला हीटरशिवाय ऊब म्हणजे दुसरा हीटर, एवढंच माहीत.

सिस्टर फिलोमिना मात्र वैजयंताकडं बघत होती. "मॅडम, ती आहे की," ती म्हणाली. "अंग पुसून, धुतलेला गाऊन घालून देते. गाऊनच्या आत, छातीशी. तुम्हीच मागं कुठल्या तरी देशाचं वाचून दाखवलं होतं, तिकडं असंच ठेवतात म्हणून."

शिंत्रेबाईंनी बाळाच्या तळपायाला हात लावून बघितला. मला वाटलं आता नाही म्हणणार. मग त्यांनी घड्याळ हातातून काढून खिशात टाकलं आणि म्हणाल्या, "खुर्ची आणा. पंखा बंद करा. खिडकीही."

पोरीला काय चाललंय ते धड कळलंच नव्हतं. गाऊन घालून ती खुर्चीत बसली आणि सिस्टरनं बाळ उचलून, चकती आणि वायरीसकट, तिच्या छातीवर ठेवलं, तेव्हा तिचे दोन्ही हात हवेतच राहिले. लावू की नको.

"धरा त्याला," बाई म्हणाल्या. "दोन्ही हातांनी. नीट धरा."

तिनं धरलं. रडली नाही, काही नाही. नुसती मान खाली घालून बघत राहिली आणि तिचा श्वास हळूहळू बाळाच्या श्वासाला जुळत गेला. गौराबाई दाराशी येऊन उभ्या होत्या. बराच वेळ बघून त्या म्हणाल्या, "डोकं झाक त्याचं. गार लागंल."

मी हीटर बंद केला. पेटीवरचा आकडा पडायला लागला. ३६.७ वरून साडेपस्तिसाच्या खाली. बाळ सोसतंय की नाही कोण जाणे. सिस्टरनं काखेत थर्मामीटर धरला होता. तिनं तो काढून वाचला आणि माझ्याकडं बघितलं.

"पस्तीस चार."

पेटीवर ३५.४.

ठिपका टोपीवर होता तसाच होता.

थोड्या वेळानं आकडा ३५.७ झाला, मग छत्तीस, मग त्याच्याही वर. हीटरशिवाय. दर वेळी सिस्टर पारा वाचायची आणि दर वेळी दोन्ही सारखे. त्या दोन वर्षांत माझं मशीन इतकं अचूक कधी चाललं नव्हतं.

"माझ्यामुळं पोरगं गारठलं व्हय, बाई?" वैजयंतानं खालच्या आवाजात विचारलं. एवढा वेळ तिला कळत नाही असं आम्ही धरून चाललो होतो.

मी तोंड उघडणार होतो, पण शिंत्रेबाई आधी बोलल्या. "काजळ आणि हीटर यांचं जुळत नाही, एवढंच. हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं, मशीन बनवणाऱ्यालासुद्धा नाही. आता कळलं. आता तुमच्यामुळं ते उबेत आहे, ते बघा."

जीप रद्द झाली, आत येणं बंद करायचं तेही रद्द झालं. पुढं ते बाळ वजन धरून घरी गेलं आणि त्याच्या बारशाचं बोलावणं मला आलं, पण ते सगळं नंतरचं. त्या दुपारी करायचं काम अगदी किरकोळ उरलं होतं. बोळा स्पिरिटमध्ये बुडवायचा, टोपी पुसायची, बाळ परत ट्रेमध्ये ठेवायचं, हीटर सुरू करायचा. चहा पिऊन होईल तेवढ्यात झालं असतं.

"मगदूम, मशीन दुरुस्त करून द्या लगेच," बाई म्हणाल्या. "दुरुस्त होईपर्यंत बाळ तिच्याकडंच राहू दे." आणि त्या बाहेरचे पेशंट बघायला गेल्या.

मी स्क्रूड्रायव्हर काढला आणि चांगल्या चालणाऱ्या पेटीचे चारही स्क्रू उघडले. आकड्याचा भाग चालू ठेवून हीटरकडचा सगळा भाग सुटा केला. कपडा पसरून एकेक नग त्यावर मांडला, फुंकर मारून साफ केला, परत मांडला. सिस्टर एकदा येऊन बघून गेली आणि काही न बोलता माझ्यासाठी चहा ठेवून गेली. खुर्चीत पोरगी डोळे मिटून बसली होती, पण झोपली नव्हती. तळहात बाळाच्या पाठीवर मधूनमधून हलत होता. तिचं काजळ एव्हाना गालावर ओघळलं होतं.

पेशंट संपवून शिंत्रेबाई आल्या तेव्हा उन्हं उतरली होती. त्यांनी कपड्यावर मांडलेल्या माझ्या संसाराकडं बघितलं, मग खुर्चीकडं.

"काय मगदूम, अजून किती वेळ?"

"एक वायर जुळंना झालीय, बाई."

त्या वाकल्या आणि पेटीत डोकावल्या. आत उरलेल्या सगळ्या वायरी जागच्या जागी होत्या. ते कळायला डॉक्टर असायची गरज नव्हती.

"घाई करू नका," त्या म्हणाल्या. "सावकाश करा."